शाळेत नेतृत्वासाठी पुरस्कार ठेवायचाय, पण द्यायचा कुणाला?

येरळाकाठ (१० जून, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, विषय जरा घरचा आहे.

मे महिन्यात आमच्या १९९९च्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं. पंचवीसएक वर्षांनी सगळे भेटलो, सरांचे सत्कार झाले, जेवणं झाली, थोडी रडारड झाली आणि मग नेहमीप्रमाणे कुणीतरी म्हणालंच की शाळेसाठी कायतरी करूया. व्हॉट्सॲपवर आठ दिवस खल. कुणी म्हणे पाण्याची टाकी, कुणी म्हणे प्रोजेक्टर. पैसे जमले १ लाख ४० हजार. बँकेत ठेव ठेवली तर वर्षाला नऊ-दहा हजार व्याज येईल, त्यातून दरवर्षी एक पुरस्कार द्यायचा असं ठरलं. आणि तो मार्कांसाठी नाही, नेतृत्वासाठी.

हे कुठनं सुचलं तर आमचं गेट-टुगेदर ज्या गड्यानं जमवलं तो दहावीला दोनदा बसलेला. आता द्राक्षाची बाग बघतो. त्यानं ५२ जणांचे नंबर शोधून काढले, दोन वर्गमैत्रिणींच्या सासरी स्वतः जाऊन निरोप दिला, मांडववाल्यापासून आचाऱ्यापर्यंत सगळं एकट्यानं. शाळेत असताना पण गॅदरिंगचं स्टेज तोच बांधायचा. त्याला शाळेनं छड्यांशिवाय काय दिलं नाही. बक्षीस घ्यायला स्टेजवर आम्ही जायचो, त्यानं बांधलेल्या.

तर हेडसरांना भेटलो. सर चांगले आहेत, पण म्हणाले, "पहिला नंबर येईल त्याला देऊन टाका, वाद नाही." आता वाद नाही हे खरं, पण मग नेतृत्व कुठं राहिलं? शाळा माध्यमिक, पाचवी ते दहावी, पट तीनशेच्या आसपास. निवड कशी करावी, कुणी करावी, पैसे द्यावे की वस्तू? अनुभव असतील तर सांगा.

भडंगप्रेमी (९:५२)

पहिला!

सरपंचाच्या नातवाला द्या, विषय संपला. तसंही शेवटी तेच होणारे.

खडूफळा (१०:३५)

येरळाकाठ, कल्पना चांगली आहे, पण मी एकोणीस वर्षं शिकवतेय म्हणून आधी घाबरवते. आमच्याकडे पुरस्कार म्हणजे आणखी एक फाईल. प्रस्ताव, शिफारस, फोटो, वृत्तांत. त्यामुळे हेडसर "पहिला नंबर" म्हणाले त्यात त्यांची फार चूक नाही, गुणपत्रक तयार असतं, बाकी कशाचं तयार नसतं.

दुसरं म्हणजे शिक्षकांना निवडायला सांगितलंत तर आम्ही कुणाला निवडू? जो ऐकतो त्याला. मॉनिटरचं काम काय असतं आठवा: बाई ऑफिसात गेल्या की फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायची आणि जास्त बोललं की नावापुढं फुल्या. हे नेतृत्व नाही, हवालदारकी आहे.

मी आठवी ब ला दोन वर्षं एक प्रयोग केला. पंधरा दिवसांनी मॉनिटर बदलायचा, हजेरीच्या क्रमानं, कुणालाही वगळायचं नाही. एक मुलगा होता, वर्षभरात त्याचा आवाज मी चारदा ऐकला असेल. त्याची पाळी आली आणि पोषण आहाराच्या रांगेतली रोजची ढकलाढकली बंद झाली. मी विचारलं काय केलंस रे, तर त्यानं रांगच उलटी केली होती, पाचवी पुढं आणि आठवी मागं. मोठी मुलं मागं असली की लहानांना ढकलून करणार काय, ताट तर शेवटीच मिळणार. हे आमच्या सातआठ शिक्षकांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आता त्याला "नेतृत्व" या रकान्यात किती मार्क द्यायचे सांगा, कारण भाषण त्याला आजही येत नाही.

माणदेशी_माणूस (१०:४१)

फुल्यांवरून आठवलं. आमच्या मॉनिटरला एक पेरू दिला की एक फुली कमी व्हायची. आता तो बाजार समितीत आहे. खोटं नाही सांगत.

कराडचे_मामा (११:०५)

सगळे पुरस्काराच्या विरोधात बोलायला लागले की काय? मी बाजूनं बोलतो.

बक्षीस लावलं की माणसं कामाला लागतात हे आपल्या जिल्ह्यानं बघितलंय. २०१६ला पानी फाउंडेशनच्या वॉटर कपची, म्हणजे गावागावांत पाणी अडवण्याच्या कामाची, पहिली स्पर्धा झाली तेव्हा राज्यातले तीनच तालुके घेतले होते, आमचा कोरेगाव, विदर्भातला वरुड आणि मराठवाड्यातला अंबाजोगाई. पहिला नंबर कुणाचा? कोरेगावातल्या वेळूचा. ५० लाख. भर उन्हात माणसं घमेली घेऊन श्रमदान करत होती. त्याआधी गावात जे एकमेकांचं तोंड बघत नव्हते ते एका चरावर काम करायला लागले. आता म्हणा की बक्षिसानं काय होत नाही.

म्हणून माझं मत, दणक्यात पुरस्कार ठेवा, मोठी ढाल करा, नावं बोर्डावर रंगवा. पोरांना ईर्षा पाहिजे.

सज्जनगड_पायथा (११:३०)

मामा, वेळूचं मान्य. पण तिथं बक्षीस गावाला होतं, एका माणसाला नव्हतं, हा मुद्दा तुम्ही हळूच सोडलात. :)

आणि दुसरी बाजू पण आपणच बघितलीय. आर. आर. आबा ग्रामविकास मंत्री असताना २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. योजना लाख मोलाची, काही गावं खरंच कायमची बदलली. पण काही गावांत काय व्हायचं? समिती येणार म्हटलं की आदल्या रात्री गल्ल्या झाडायच्या, दगडांना चुना लावायचा, उकिरड्यावर ताडपत्री टाकायची, आणि समितीची जीप वेशीबाहेर गेली की म्हशी परत रस्त्यात. पोरांचं पण तेच होईल. निवड डिसेंबरात असेल तर नोव्हेंबरात सगळे नेते.

भडंगप्रेमी (११:३४)

ताडपत्रीवाल्यात आमचं गाव होतं. ताडपत्री आमचीच होती, अजून परत मिळाली नाही.

डोकंफिरू (११ जून, सकाळी ८:१५)

मानसशास्त्राची विद्यार्थिनी असल्यामुळे राहवत नाही. यावर १९७३ सालचा एक गाजलेला प्रयोग आहे, लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांचा, अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केलेला. तीन ते पाच वर्षांची मुलं, ज्यांना मुळातच चित्रं काढायला आवडायची. तीन गट केले. एका गटाला आधी सांगितलं की चित्र काढलंस तर सर्टिफिकेट मिळेल, सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं. दुसऱ्या गटाला काहीच सांगितलं नाही पण काढून झाल्यावर तेच सर्टिफिकेट अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. मग आठ-पंधरा दिवसांनी वर्गात नुसते स्केचपेन ठेवले आणि लपून बघितलं की कोण किती वेळ रमतंय. ज्यांना आधी बक्षीस कबूल केलं होतं ती मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती.

म्हणजे बक्षीस वाईट नाही, "हे केलंस तर ते मिळेल" हा सौदा वाईट. जे पोरगं आपणहून करतं त्याला सौदा लावला की त्याला पण वाटायला लागतं की मी बक्षिसासाठीच करत होतो.

कराडचे_मामा (८:४०)

ताई, ती अमेरिकेतली पोरं. त्यांच्याकडं स्केचपेनचा तोटा नाही. आमच्या पोराला शाळेतून एक कंपासपेटी मिळाली तर तो ती उशाला घेऊन झोपतो.

डोकंफिरू (८:४४)

मामा, हा आक्षेप परीक्षेत लिहिला असता तर मला मार्क जास्त मिळाले असते. खरंच. ज्या कामाची मुळात आवडच नाही तिथं बक्षिसाचा उपयोग होतो असं म्हणणारे अभ्यासही आहेत. पण येरळाकाठ यांचा स्टेज बांधणारा मित्र त्यात बसत नाही ना, तो आवडीनंच बांधत होता.

पुणेकर_मूळचे_वाईचे (९:३०)

माझ्या मुलीच्या शाळेत एक आंतरराष्ट्रीय पुरस्कार योजना आहे, १९५६ला इंग्लंडात ड्यूक ऑफ एडिंबरा यांनी सुरू केलेली, भारतातही चालते. १४ ते २४ वयासाठी. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या. सेवा, एखादं कौशल्य, शारीरिक व्यायाम आणि साहसी प्रवास असे चार भाग, ब्राँझला किमान सहा महिने लागतात. मुख्य म्हणजे कुणाशी स्पर्धाच नाही, जो पूर्ण करेल त्याला मिळणार. मुलगी त्यामुळे सहा महिने दर आठवड्याला वृद्धाश्रमात जात होती. असं काही करता येईल का?

माणदेशी_माणूस (९:३८)

साहसी प्रवास म्हणजे आमच्याकडं एसटी चुकली की होतोच. चार किलोमीटर, दप्तरासकट. सगळ्या शाळेला गोल्ड द्यावं लागेल.

पुणेकर_मूळचे_वाईचे (९:४१)

हाहाहा. मान्य. पण "स्पर्धा नको, पूर्ण करेल त्याला द्या" एवढं तरी घ्या त्यातलं.

सदातयार (१०:२०)

एवढं लांब इंग्लंडात कशाला जाताय, स्काऊट-गाईडमध्ये हेच आहे की. प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती पुरस्कार. मी बावीस वर्षं पथक चालवलं. सहा ते आठ मुलांचा एक संघ आणि त्याचा एक संघनायक. तंबू गळायला लागला तर दोष संघनायकाचा आणि भात करपला तर पण त्याचाच. पोरगं एका कॅम्पमध्ये जे शिकतं ते वर्षभरात वर्गात शिकत नाही. आता बहुतेक शाळांत गणवेश फक्त २६ जानेवारीला कपाटातून निघतो ही गोष्ट वेगळी, त्यावर बोलायला लागलो तर रक्तदाब वाढतो.

आयर्विनखालचं_पाणी (दुपारी १२:१०)

मी सहसा लिहीत नाही. पण वरचं सगळं वाचून एक सांगावंसं वाटलं.

ऑगस्ट २०१९, सांगलीचा पूर. आम्हाला घर सोडून एका शाळेत राहावं लागलं, नाव सांगत नाही. वर्गावर्गात माणसं, हॉलमध्ये म्हाताऱ्या, बाहेर जनावरं. पहिल्या दिवशी मदतीचा टेंपो आला की जो पुढं घुसेल त्याला दोन ब्लँकेट आणि मागच्याला काय नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नववीतली एक मुलगी, ती पण पूरग्रस्तच, तिनं एक शंभर पानी वही घेतली आणि खोलीवार कुटुंबं लिहून काढली. किती माणसं, किती लहान बाळं, कुणाला शुगरची गोळी लागते, कुणाला बीपीची. टेंपोवाला आला की वही घेऊन उभी राहायची. "काका, सात नंबर खोलीत अजून पोचलं नाही." मोठमोठे पुढारी तिला विचारून वाटप करायला लागले. सहा दिवस हे चाललं. माझ्या सासूबाईंची गोळी तिच्या वहीमुळं मिळाली.

पुढच्या जानेवारीत त्याच शाळेत बक्षीस समारंभ झाला, आम्हाला पण बोलावलं होतं. "पूर: एक अनुभव" या विषयावर वक्तृत्व स्पर्धा. पहिला नंबर एका मुलाला, फार सुंदर बोलला तो, टाळ्या थांबेनात. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. ती मुलगी प्रेक्षकांत खाली बसली होती. तिला वक्तृत्व जमत नव्हतं. शाळेची नियत वाईट नव्हती हो, पण वहीसाठी स्पर्धाच नव्हती ना.

खडूफळा (१२:२५)

यावर काय लिहावं कळत नाही. ती वही कुणी जपून ठेवलीय का?

आयर्विनखालचं_पाणी (१२:३१)

माहीत नाही. मुलगी आता नर्सिंगला आहे एवढं कळलं.

जुना_बोर्डर (संध्याकाळी ६:५०)

मी रयतच्या वसतिगृहात वाढलेला, आता सत्तरी ओलांडली. तुम्ही मंडळी नेतृत्व नेतृत्व म्हणताय, आमच्या वेळी तो शब्द नव्हता, "जबाबदारी" होता.

कर्मवीर अण्णांनी १९२४ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं, १९२७ला गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. तिथं सगळ्या जातीची पोरं एकत्र राबायची, एकत्र जेवायची. दळण, पाणी, झाडलोट, स्वयंपाक सगळं पोरांकडं. पुढं आमच्या काळात कमवा-शिकात हेच चालू होतं. मी अकरावीत असताना भांडार माझ्याकडं होतं. ज्वारी किती आली, किती दळली, किती उरली, रोज रात्री कंदिलाजवळ बसून हिशेब. एकदा चार किलोचा फरक आला तर रेक्टरनी मला मारलं नाही, नुसतं म्हणाले, "सापडेपर्यंत जेवू नको असं मी म्हणणार नाही, तुला जेवण जाईल का बघ." रात्री दोन वाजता सापडला. बेरीज चुकली होती. मला कुणी पुरस्कार दिला नाही आणि द्यायला पाहिजे होता असं वाटलंही नाही. भांडाराची किल्ली कमरेला असायची तोच रुबाब.

तुमच्या नऊ हजारांचं पोरांच्या हातात काहीतरी द्या. ढाल देऊ नका, किल्ली द्या.

कराडचे_मामा (७:०२)

दंडवत काका. ढालीबद्दलचा माझा प्रतिसाद अर्धा मागे घेतो. अर्धा ठेवतो.

माणदेशी_माणूस (७:१०)

मतदान घ्या की. पोरांना बरोबर माहीत असतं कोण कामाचं.

खडूफळा (७:२५)

घेतलं होतं शालेय मंत्रिमंडळासाठी. एका उमेदवारानं वर्गाला वडापाव दिला. बरं तो निवडूनही आला आणि आरोग्यमंत्री झाला.

कॉलेजच्या थेट निवडणुका नव्वदच्या दशकात मारामाऱ्यांमुळं बंद कराव्या लागल्या, आणि तुम्ही सातवीत चालू करा म्हणताय.

भडंगप्रेमी (७:२८)

वडापाव? सांगलीत असून? मतामागं पावशेर भडंग तरी पाहिजे होतं.

सज्जनगड_पायथा (७:३३)

साताऱ्यात असता तर कंदी पेढा. आमच्याकडं भ्रष्टाचार पण तुपातला असतो.

भडंगप्रेमी (७:३४)

पेढा फक्त पर्यटक खातात.

(इथनं पुढं पेढा विरुद्ध भडंग असे सतरा प्रतिसाद संपादकांनी वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत.)

सदातयार (९:१५)

मूळ विषयावर येतो. पुरस्कार वितरणाची तारीख ठरली नसेल तर ७ नोव्हेंबर बघा. १९०० साली त्या दिवशी बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, आताचं प्रतापसिंह हायस्कूल. २०१७पासून राज्यभर तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. गॅदरिंगमध्ये नाचगाण्याच्या गडबडीत तुमचा पुरस्कार कुणाच्या लक्षात राहणार नाही.

खडूफळा (९:२२)

कल्पना छान, पण ७ नोव्हेंबरला बऱ्याचदा दिवाळीची सुट्टी असते सर. शाळेत फक्त शिपाईमामा आणि कबुतरं.

येरळाकाठ (१८ ऑगस्ट, रात्री १०:०५)

मंडळी, दोन महिने गायब होतो त्याबद्दल माफी. द्राक्षवाल्या मित्राला हा सगळा धागा वाचून दाखवला. वहीवाल्या मुलीपाशी तो उठून बाहेर गेला आणि पाच मिनिटांनी आला.

ग्रुपवर बरीच भांडणं झाली. दोघं तिघं ढालीवर ठाम होते, एकाला वडिलांच्या नावानं पुरस्कार पाहिजे होता, तो नाही म्हटल्यावर ग्रुप सोडून गेला (परत आला, काल गुड मॉर्निंग टाकलं). आम्ही म्हटलं द्राक्षवाल्याचंच नाव देऊ तर तो म्हणाला, "माझ्या नावाचा पुरस्कार मिळाला असं कुठलं पोरगं घरी सांगणार आहे? आई विचारेल हा कोण, तर सांगायचं दहावीला दोनदा बसलेला."

शेवटी असं ठरलं. व्याजातले सात हजार दरवर्षी जून-जुलैमध्ये पोरांच्या हातात द्यायचे. आठवी-नववीतली किमान चार पोरं एकत्र येऊन एका पानावर लिहून देतील की शाळेत काय करायचंय आणि किती खर्च आहे. एकापेक्षा जास्त प्रस्ताव असले तर आठवी-नववीची सगळी पोरं हात वर करून निवडतील. वडापावचा धोका पत्करलाय. हिशेब मात्र पावत्यांसकट सूचनाफलकावर लावायचा, ही बोर्डरकाकांची किल्ली.

आणि उरलेल्या दोनअडीच हजारांची पुस्तकं, एका मुलाला किंवा मुलीला, आधी न सांगता, निकालाच्या दिवशी. नाव कोण सुचवणार तर शिपाईमामा आणि पोषण आहार शिजवणाऱ्या दोन मावशी. हेडसर म्हणाले शिक्षकांना वाईट वाटेल. आम्ही म्हटलं शिक्षकांकडं बाकी सगळे पुरस्कार आहेतच. सर हसले आणि हो म्हणाले, पण प्रवेशद्वारावर आम्हा सगळ्यांचे फोटो असलेला फ्लेक्स लागणार ही अट घातली. तो लागलाय. माझा फोटो लग्नातला वापरलाय.

डोकंफिरू (१०:२०)

आधी न सांगता! धन्यवाद. फक्त पुढच्या वर्षी सगळ्यांना माहीत असेल की मावशी नाव सुचवतात, मग त्यांना भांडी घासू लागणाऱ्यांची रांग लागेल त्याचं काय?

खडूफळा (१०:२४)

लागू दे की रांग. भांडी तर घासून होतील.

कराडचे_मामा (१०:३१)

पहिला प्रस्ताव आला का? काय मागितलं पोरांनी? क्रिकेटचं किट ना?

येरळाकाठ (१०:४०)

दोन आले. एक क्रिकेट किट, मामा अगदी बरोबर. दुसरा नववीच्या पाच मुलींचा. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या चार दारांना आतून कडी नाही. एक आत गेली की दुसरीनं बाहेर दार धरून उभं राहायचं, म्हणून दोघींचा तास बुडतो. खर्च सुताराच्या मजुरीसकट १,९०० रुपये, आणि खाली लिहिलं होतं "उरलेले पैसे परत घ्यावेत".

हात वर करताना किटवाल्यांतल्या काही पोरांनीच कडीला मत दिलं. हेडसरांचा चेहरा बघण्यासारखा होता. ते म्हणाले मला कुणी बोललंच नाही, त्यावर त्यातली एक मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही विचारलं नव्हतं."

आयर्विनखालचं_पाणी (१०:४६)

वाचून बरं वाटलं. फ्लेक्सपेक्षा हे पान फ्रेम करा.

भडंगप्रेमी (१०:५०)

कड्या बसल्या का पण?

येरळाकाठ (१०:५३)

तीन बसल्या. चौथ्या दाराची चौकटच कुजलीय. सुतार म्हणाला सोमवारी येतो.

माणदेशी_माणूस (१०:५५)

कुठला सोमवार ते विचारून घ्या.